कवळ्यांच्या कारखान्यात एक पवित्र महिना

रविवार, ३

पाळकसाहेब आज उपदेश करताना सारखे माझ्याकडेच बघत होते. नवरा म्हणतो, ते घड्याळाकडे बघत होते आणि घड्याळ माझ्या डोक्यावर आहे. असेल. पण विषय माझाच होता: कामाच्या ठिकाणी ख्रिस्ती माणसाचा स्वभाव. इथे बाकावर बसून गाणी म्हणणं सोपं आहे, म्हणाले. बाकीचा आठवडा तुम्ही कामावर कसे वागता त्यावरून लोक तुमच्या प्रभूला मार्क देतात. "तुमच्या शेजारी काम करणाऱ्याला विचारा, तुमच्यात त्याला कोण दिसतं?"

नवरा माझ्या कानाशी म्हणाला, "तू नको विचारूस."

मग त्यांनी आव्हान दिलं. महिनाभर कामावर प्रभूला शोभेल असं वागायचं आणि शेवटच्या रविवारी सगळ्या मंडळीपुढे साक्ष द्यायची. कोण तयार आहे, हात वर करा. माझा हात वर गेला. पुढच्या बाकावरच्या सेक्रेटरीणबाईंचा आधी गेला होता, हे एक कारण असू शकेल. स्वतः पाळकसाहेबांच्या हाताखाली एकच माणूस आहे, ऑर्गन वाजवणारा, आणि तोही त्यांचं ऐकत नाही. पण ते जाऊ दे. आजपासून वाईट विचार बंद.

सोमवार, ४

आमचा कारखाना कवळ्यांचा. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन आमच्याकडे पाठवतात. मी त्या मापात प्लास्टर ओतून जबडा काढते. समोरच्या टेबलावर मेणबाई त्या जबड्यावर मेण चढवते आणि त्यात एकेक दात बसवते. मग ते परत माझ्याकडे येतं. मी सगळं प्लास्टरमध्ये बंद करते, मेण वितळून जातं, त्याच्या जागी गुलाबी हिरडी भरली जाते, आणि शेवटी पॉलिशवाला चकाकी आणतो. गावातले अर्धे म्हातारे आमच्या दातांनी हसतात. आम्ही दोघी मात्र एकमेकींना दात दाखवत नाही.

कारण पंखा. प्लास्टर घट्ट होताना तापतं आणि बरोबर मीही तापते, म्हणून मला पंखा हवा. तिला दिव्याची ज्योत स्थिर लागते, म्हणून तिला नको. या एका पंख्यापायी आमचं बोलणं कधीपासून बंद आहे. कामाचं काही असलं तर पॉलिशवाल्यामार्फत निरोप जातो. "त्यांना सांगा." "त्यांना विचारा." तो मधे बसून दोन सरकारं सांभाळतो.

आज मी स्वतः उठून पंखा बंद केला. आणि मेणबाईकडे बघून हसले.

तिने हातातला चाकू खाली ठेवला. "काय हवंय?"

"काही नाही. प्रभूची कृपा."

"बटण बिघडलंय का?" तिने पॉलिशवाल्याला विचारलं.

दिवसभर घाम गाळला. प्रभूने बघितलं असेल अशी आशा आहे, कारण दुसऱ्या कोणाचं लक्ष नव्हतं.

गुरुवार, ७

मेणबाईच्या कामात हल्ली ढिलाई आली आहे. आज बंद करायला आलेल्या एका कवळीत पुढचा दात तिरका. हे तिचं नव्हे. बाई कितीही खडूस असली तरी तिने बसवलेले दात बघून मूळच्या दातांना लाज वाटावी, असं तिचं काम. मी चाकू गरम केला, दात सरळ केला, गप्प बसले. सांगायचं तर बोलावं लागलं असतं.

चहाचा कपसुद्धा हल्ली दोन्ही हातांनी धरते, जणू राणीसरकारांचा आहे. नखरे.

शुक्रवार, ८

आज दोन दाढा. पुन्हा मीच सरळ केल्या. ख्रिस्ती सेवा म्हणायची ती हीच का? तसं असेल तर मला राग का येतो? पाळकसाहेबांना विचारायला हवं. नको, ते वचन काढून दाखवतील.

मॅनेजरशीही आज गोड बोलले. हा मालकाचा मेहुणा. आधी सायकली विकायचा, आता दात विकतो. आल्यापासून भिंतींवर सूचना चिकटवतो, म्हणून आम्ही त्याला सूचनासाहेब म्हणतो. आजची नवी सूचना: 'हसतमुखाने काम करा.' मी तिच्याखाली उभी राहून हसले. त्याने विचारलं, "बाई, दात दुखतोय का?"

मंगळवार, १२

आज जे घडलं ते लिहायलाही कसंसं वाटतं.

दुपारी पॉलिशवाला फळांची पिशवी घेऊन माझ्या टेबलाशी आला. मागे पॅकिंगमधल्या दोघी, डोळे पुसत. त्याने आवाज खाली आणून विचारलं, "ताई, डॉक्टर काय म्हणाले?"

"कोण डॉक्टर?"

"आम्हाला कळलंय. तुम्ही लपवू नका. आठवडा झाला तुम्ही कुणावर ओरडला नाहीत. काल माझ्या हातून अख्खा जबडा फुटला, तर तुम्ही 'असू दे भाऊ' म्हणालात. माझा मेव्हणा पण शेवटी असाच गोड झाला होता."

मी म्हटलं, मी मरत नाहीये, मी ख्रिस्ती वागतेय. पॅकिंगमधली एक जोरात रडायलाच लागली. बहुधा तिला वाटलं, आजार डोक्यात चढलाय.

समोरून मेणबाई खो खो हसली. तिला हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. खालचा एक दात किंचित पुढे आहे. स्वतःचे दात कुणाला नीट बसवता येत नाहीत.

फळं चांगली होती. नवऱ्याने खाल्ली.

गुरुवार, १४

ठरवलं की नुसतं हसून भागणार नाही, उघड साक्ष हवी. वचनं लिहिलेल्या चिठ्ठ्या करून प्लास्टरच्या मशीनवर, पाण्याच्या नळावर आणि पॉलिशवाल्याच्या चष्म्याच्या डबीवर लावल्या. सूचनासाहेब खूश झाला, त्याला वाटलं मी त्याच्या सूचना पसरवतेय. चहाच्या वेळी सगळ्यांना जमवून दोन शब्दही बोलले: काम म्हणजे उपासना, आपण प्रत्येक कवळी प्रभूच्या तोंडात जाणार आहे असं समजून केली पाहिजे.

पॉलिशवाला म्हणाला, "तुमच्या देवाचे दात पडलेत?"

या नादात कामाला उशीर झाला. मास्तरांची कवळी आजच द्यायची होती (रिटायर झालेले मास्तर, नेहमीच्या दवाखान्याने पाठवलेले पेशंट). मेणबाईकडून आली तशी धडाधड बंद करून टाकली. पण मन प्रसन्न होतं. आज खरंच काहीतरी केलंसं वाटलं.

मंगळवार, १९

मास्तरांची कवळी शिट्टी वाजवते.

दवाखान्यातून फोन आला. मास्तर 'स' म्हणाले की शीळ, 'श' म्हणाले की कुकर. शनिवारी त्यांच्या नातीचं लग्न होतं. मास्तर आशीर्वादाचे चार शब्द बोलायला उभे राहिले, आणि दुसऱ्या वाक्याला मांडवातलं कुत्रं धावत येऊन त्यांच्या पायाशी बसलं. सगळा मांडव हसला. मास्तर चार शब्द अर्धे टाकून खाली बसले ते घरी जाईपर्यंत बोलले नाहीत.

कवळी परत आली. मी बघितली. वरचे पुढचे दोन दात आत गेले आहेत. साधं होतं. एकदा नजर टाकली असती तर दिसलं असतं. पण त्या दिवशी मी प्रभूच्या तोंडाविषयी बोलत होते, मास्तरांचं तोंड बघायला वेळ कुठे होता.

सूचनासाहेब उद्या चौकशी करणार आहे. मेणबाई आज दिवसभर मान वर न करता बसली होती. पंखा बंद, तरी तिच्या चाकूचं टोक दिव्याच्या उजेडात लुकलुकत होतं. हलत होतं. बराच वेळ बघत राहिले.

मग कळलं. कप, दाढा, पंखा. सगळं एकदम.

बुधवार, २०

सगळं संपलं. पवित्र महिना वीस तारखेला वारला.

सूचनासाहेबाने आम्हाला टेबलांसमोर उभं केलं. "चूक कुणाची? नाव सांगा. एक माणूस कमी करायचाच आहे."

मेणबाईने दोन्ही हात ॲप्रनच्या खिशात घातले होते. तिचं तोंड उघडतंय असं दिसलं, आणि माझंच आधी उघडलं. "बंद मी केली. बंद करायच्या आधी बघायचं काम माझं. मी बघितलं नाही."

यात खोटं काहीच नाही, हे लिहून ठेवते. सगळं खरं मात्र सांगितलं नाही. हे पाप किती मोठं ते माहीत नाही.

इथवर सगळं शोभेल असं होतं. पण तो म्हणाला, "दात काय तुम्ही बसवले? मला दिसत नाही का हिचे हात? कापरी माणसं ठेवायला हा काय वृद्धाश्रम आहे? भंगार आहे ते, भंगारात टाकायचं."

सगळ्यांसमोर. तिच्या तोंडावर.

त्यानंतर मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. सुरुवात त्याच्या अकलेपासून झाली, मग त्याच्या खानदानाकडे गेली, आणि शेवट अशा जागी झाला की पॅकिंगमधल्या दोघींनी कान झाकले. ओल्या प्लास्टरने भरलेला वाडगा हातात होता. तो मी फेकला नाही, निसटला. त्याच्या बुटांवर निसटला.

उद्यापासून येऊ नको म्हणाला.

नवऱ्याला सांगितलं. तो शिंपी आहे, तोंडात कायम टाचण्या, म्हणून उत्तरं उशिरा येतात. टाचण्या काढून म्हणाला, "दोन्ही बुटांवर?"

प्रभू, मी तुझं नाव घालवलं.

शुक्रवार, २२

घरी बसले आहे. सकाळी प्रार्थनेला बसले. मला पश्चात्ताप व्हायला हवा आणि तो होत नाही. त्या माणसाचा चेहरा आठवला की पुन्हा प्लास्टर कालवावंसं वाटतं.

दुपारी दारावर थाप. मेणबाई! कामाचे कपडे तसेच. मी आत ये म्हटलं. ती खुर्चीच्या टोकावर बसली. नवरा मशीन उचलून आतल्या खोलीत गेला. एवढा समंजसपणा त्याने लग्नानंतर प्रथमच दाखवला.

"का केलंत?" तिने विचारलं.

मी काहीतरी चांगलं उत्तर शोधलं. प्रेम, क्षमा, शेजारधर्म. एकही खरं नव्हतं. "राग आला," म्हटलं.

"कुणाचा?"

"त्याचा. माझा पण. आणि तुमचा. तुम्ही सांगितलं का नाही? मी पंख्यावरून तुम्हाला काय काय बोलले."

"काय सांगणार? हात गेले म्हणून?" तिने उजवा हात मांडीवर ठेवला. तो पानासारखा थरथरत होता. ती त्याच्याकडे दुसऱ्याचा असल्यासारखी बघत होती. "हे बरं होणारं नाही. गोळ्यांनी थोडं थांबतं. घरात आई आणि मी. आईला सांगितलं नाही. तुम्हाला पहिल्यांदा सांगतेय, आणि तुम्ही तर..." मग तिने एकदम विचारलं, "माझे दात तुम्ही सरळ करत होता ना?"

"तुम्हाला कळलं होतं?"

"माझे दात मला ओळखता येणार नाहीत? रोज वाट बघायचे, आज जाऊन सांगेल, आज सांगेल. त्यात तुम्ही हसायला लागलात. मला वाटलं, ही आता मला सावकाश मारणार."

मी चहा केला. अर्धाच कप भरला, म्हणजे सांडायला नको. तिने ते बघितलं. मग एकाच हाताने कप उचलला आणि सांडला. आम्ही दोघी त्या सांडलेल्या चहाकडे बघून हसलो. का ते माहीत नाही.

जाताना म्हणाली, "ते शेवटचं वाक्य कुठे शिकलात?"

"भाऊ ट्रक चालवायचा."

"मला एकदा सावकाश सांगा."

मंगळवार, २६

पॉलिशवाला धापा टाकत घरी आला. "ताई, चला. मास्तर येऊन बसलेत."

मास्तर स्वतः कारखान्यात आले होते, छत्री घेऊन, आणि कवळी नीट झाल्याशिवाय उठणार नाही म्हणत होते. म्हणत म्हणजे शीळ घालत. सूचनासाहेबाने आधी दुसऱ्याकडून करवून बघितली. ती मास्तरांच्या तोंडात घातल्यावर तोंडच मिटेना. तेव्हा मेणबाई उठून म्हणाली म्हणे, "मी सांगते कसं ते. पण हात तिचे हवेत."

सूचनासाहेबाने माझ्याकडे बघितलं नाही. नवीन बूट होते. नुसतं म्हणाला, "तात्पुरतं."

मी कधी दात बसवले नव्हते. सरळ करणं वेगळं, बसवणं वेगळं. मेणबाई माझ्या खांद्याशी स्टूल घेऊन बसली. "त्यांना बोलू दे आधी," म्हणाली. मास्तर बोलले. ती त्यांच्या ओठांकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "वरचा पुढचा, केसभर बाहेर. केसभर म्हटलं, दोरीभर नाही. आता थोडा खाली. चाकू गरम करा. इतका नाही! भाजी परतताय का?"

"अहो, मला जमेल तसंच..."

"जमवायचं. तुमच्या देवाच्या तोंडात जाणार आहे ना?"

मास्तर खदखदून हसले. दात नसलेल्या माणसाचं हसू फार मोकळं असतं.

मेणातले दात तोंडात घालून मास्तर म्हणाले, "साहेब, सभ्य शब्दांत सांगतो. सहकाऱ्यांशी सौजन्याने वागायला शिका." एकही शीळ नाही. सूचनासाहेब सोडून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

बाकीचं काम गुरुवारी पुरं होईल. मला परत घेतलं आहे, आम्हा दोघींना मिळून एक टेबल. महिनाभर बघू म्हणाला. महिन्याने काय, कुणाला ठाऊक. मेणबाई म्हणते, त्याला दुसरी कुणी मिळेपर्यंत. मी म्हटलं, तोवर मी शिकते. ती म्हणाली, "तू? तुला दहा वर्षं लागतील." तू म्हणाली.

रविवार, ३१

साक्षीचा दिवस. रात्रभर ठरवत होते की ताप आलाय असं सांगावं. नवरा म्हणाला, खोटं बोलण्यापेक्षा हरलीस ते सांग.

सेक्रेटरीणबाईंची साक्ष आधी झाली. त्यांच्या ऑफिसात तीन जण बदलले म्हणे, साहेबांनी तर सिगारेट सोडली. सगळे आमेन म्हणाले. मग मी.

मी उभी राहिले आणि सरळ सांगितलं. पहिले काही दिवस नुसती हसले, तर लोकांना वाटलं मी मरतेय. चिठ्ठ्या लावल्या आणि कामाकडे दुर्लक्ष केलं, त्याने एका भल्या माणसाची लग्नात फजिती झाली. आणि शेवटी मी साहेबांना गाढव म्हणाले. मंडळीने माझ्यासाठी प्रार्थना करावी.

एवढ्यात मागून आवाज आला. "गाढव नाही म्हणाली."

मेणबाई! शेवटच्या बाकावर, नवऱ्याच्या शेजारी. हा त्याचाच उद्योग. घरातून निघताना एवढा गप्प होता, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

ती उभी राहिली. "मी तुमच्यातली नाही. इथे काय बोलायचं असतं मला माहीत नाही. पण ही साक्ष चाललीय ना? मग साक्षीदार मी आहे. मी तिथे होते. साहेब मला भंगार म्हणाले. ही त्यांना गाढव नाही म्हणाली. ही म्हणाली..."

"देवाची स्तुती असो!" पाळकसाहेब घाईघाईने ओरडले.

"असो," मेणबाई म्हणाली. "तर ते म्हणाली." तिचा हात पुढच्या बाकाच्या पाठीवर होता. थरथरत होता आणि तिने तो खिशात घातला नाही. सगळ्या मंडळीला दिसत होता. "माझ्यासाठी आजवर कुणी एवढी वाईट शिवी दिली नव्हती."

ती बसली. कुणाला आमेन म्हणावं की नाही ते कळेना. मग ऑर्गनवाल्याने कुणी न सांगताच गाणं सुरू केलं.

मी शरमेने अर्धमेली झाले. एक महिना मेहनत, आणि मंडळीच्या लक्षात काय राहणार, तर शिवी. दारात पाळकसाहेबांनी माझा हात बराच वेळ धरून ठेवला. त्यांचे डोळे ओले होते. बिचाऱ्यांना फार वाईट वाटलं असणार. मी म्हटलं, "पुढच्या वेळी नीट वागेन." ते म्हणाले, "नको हो, नको." माझ्यावरची त्यांची आशाच गेलेली दिसते.

सोमवार, १

कामावर. आज खालचा जबडा. एका आजीबाईंचा, फार अरुंद. मेणबाई शेजारी बसून सांगत होती. मधेच थांबली.

"तुमच्यात हातासाठी वगैरे प्रार्थना करतात का?"

"करतात."

"बरं होतं?"

"कधी होतं. बऱ्याचदा नाही."

"कर मग. काय जातंय."

मी चाकू ठेवला, हात जोडले आणि डोळे मिटले. तिने माझ्या कोपराला ढोसलं.

"डोळे उघडे ठेवून कर. दाढ वाकडी चाललीय."

मी चाकू उचलला. दाढ बसेपर्यंत प्रार्थना केली.